अकरा हजार वर्षांची धग

तारा मेला, की त्याची धग किती दिवस टिकते? आमच्या घरच्या दोन श्रोत्यांना मी हा प्रश्न घातला, तेव्हा अर्जुन म्हणाला, "आबा, एक महिना." मुक्ता सातवीत आहे, तिने शंभर वर्षं सांगितली. वाढवा अजून, म्हटलं. वाढवत वाढवत दोघं हजारापर्यंत आली आणि तिथे अडली, पुढे जायचा धीर होईना. उत्तर आहे ११ हजार वर्षं, आणि तेही ज्याची गोष्ट सांगणार आहे त्या एकाचं. तो अजूनही गार झालेला नाही.

त्याचं नाव व्हेला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभं राहायचं. उजव्या हाताला उंचावर व्याध झगमगत असतो, त्याच्या बराच खाली अगस्त्य. अगस्त्यापासून डावीकडे आणि थोडं वर सरकत नेमक्या दक्षिणेला यायचं. पुण्या-मुंबईहून ही जागा क्षितिजापासून २६ अंश वर येते, म्हणजे समोरच्या इमारतीने घात केला नाही तर दिसायला हवी. तिथे बघून डोळ्यांना काही मिळणार नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. काही मध्यम तारे आणि बाकी अंधार. पण क्ष-किरण टिपणारं यंत्र तिकडे वळवलं, की त्याच अंधारात ८ अंश रुंदीचा एक फुगीर, तेजाळ गोळा उभा राहतो. पौर्णिमेचे १६ चंद्र एका रांगेत मांडावे, तेवढी त्याची रुंदी. एवढं मोठं प्रकरण रोज आपल्या डोक्यावरून जातं आणि आपल्याला पत्ता नसतो.

हा अतिनवताऱ्याचा, म्हणजे सुपरनोव्हाचा अवशेष आहे. सूर्याच्या कितीतरी पट वजनाचा एक तारा होता. पोटातलं इंधन संपलं, गाभ्याला स्वतःचंच वजन पेलेना आणि सेकंदाच्या आत तो कोसळला. त्या कोसळण्यातून वरचे सगळे थर उधळले गेले. त्या उधळणीत किती ऊर्जा होती म्हणाल, तर आपला सूर्य त्याच्या उभ्या आयुष्यात, म्हणजे सुमारे एक हजार कोटी वर्षांत, जेवढा प्रकाश देईल तेवढी. सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने माल बाहेर पडला. मागे गाभा उरला तो वीसेक किलोमीटर रुंदीचा, सेकंदाला ११ वेळा स्वतःभोवती फिरणारा. हे भिंगरीसारखं गरगरणारं पिल्लू ऑस्ट्रेलियातल्या मोलोंग्लो रेडिओ दुर्बिणीला १९६८ साली सापडलं. फिरताना ते हळूहळू मंदावतंय, आणि त्या मंदावण्याच्या हिशेबातूनच ११ हजार वर्षांचा आकडा आला. काही जण वय याहून जास्त धरतात. म्हाताऱ्यांच्या वयाबाबत असे वाद चालायचेच, माझ्याही जन्मतारखेबद्दल घरात दोन मतं आहेत.

"आणि तो स्फोट कुणी बघितला?" मुक्ताने विचारलं.

बघितला असणारच. व्हेला आपल्यापासून सव्वानऊशे-साडेनऊशे प्रकाशवर्षांवर आहे, आकाशाच्या मानाने अगदी शेजारी. एवढ्या जवळचा स्फोट शुक्राच्या कितीतरी पट तेजस्वी दिसला असणार, दिवसाउजेडीही. पण तेव्हा माणूस शेती करायला नुकता कुठे शिकत होता. लिहायला कोण बसलंय! (प्रकाशाला इथे यायला लागलेली वर्षं या वयात धरत नाहीत. इथून जसा दिसतो तसं वय सांगायची पद्धत आहे, म्हणून कुणी खोडकराने मला त्यात पकडू नये.)

आता मूळ मुद्द्यावर येतो. एवढ्या वर्षांत हा गोळा थंड का झाला नाही?

स्फोटातला माल एकटाच पुढे जात नाही. ताऱ्यांच्या मधल्या जागेत विरळ वायू असतो, तो वाटेत झाडून पुढे ढकलला जातो. झाडलेला वायू साठत गेला की वेग पडतो. दहा हजाराचे हजार होतात, हजाराचे पाचशे. पण हे पाचशेही सेकंदाला आणि किलोमीटर आहेत, हे विसरू नका. या वेगाची धक्क्याची लाट स्थिर वायूवर आदळली, की त्या वेगाचं रूपांतर उष्णतेत होतं. सेकंदाला हजार किलोमीटरची लाट वायूला सव्वा ते दीड कोटी अंशांपर्यंत तापवते, साडेतीनशे-चारशेची लाट वीस लाख अंशांच्या आसपास. एवढ्या तापलेल्या वायूतून जो प्रकाश निघतो तो साधा प्रकाश नसतोच, ते क्ष-किरण असतात.

आणि एकदा तापला की हा वायू निवायला तयार नसतो. वायूला गार व्हायचं तर उष्णता प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकावी लागते, आणि त्यासाठी अणू आणि इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळावे लागतात. आपल्या खोलीतल्या हवेत एका घन सेंटिमीटर जागेत एकावर १९ शून्यं, त्याच्याही दुपटीहून अधिक रेणू दाटलेले असतात, त्यामुळे टक्करींना तोटा नाही. व्हेलाच्या पोटात तेवढ्या जागेत जेमतेम एखादा अणू, तोही असला तर. टक्कर व्हायलाच वर्षं लागतात. म्हणून लाखो अंशांचा वायू हजारो वर्षं तसाच धगधगत राहतो. गंमत अशी, की त्यात हात घातला तर भाजणारही नाही. भाजायला अणू तर हवेत! तापमान वेगळं आणि उष्णतेचा साठा वेगळा, ही गोष्ट शाळेत परीक्षेपुरती शिकवतात. व्हेलाकडे बघितलं की ती कायमची कळते.

अर्जुनचं गेल्या वर्षी सायकलवरून पडून मनगटाचं हाड मोडलं होतं, त्याचा एक्स-रे कपाटात जपून ठेवलाय. तो म्हणाला, "मग आपल्यालाही रोज आकाशातून एक्स-रे निघतो का?" चांगला प्रश्न. उत्तर नाही असं आहे, आणि त्यात आपलं भलं आहे. दवाखान्यातले क्ष-किरण कडक असतात, मांसातून आरपार जातात, हाडापाशी अडतात. जुन्या अवशेषातले क्ष-किरण त्यांच्या मानाने फार मऊ, ऊर्जेने शंभराव्या हिश्शाएवढे. बोटभर जाडीची हवासुद्धा त्यांना गिळून टाकते. आपल्या डोक्यावर तर शंभर किलोमीटरचं वातावरण. तेव्हा जमिनीवर कितीही मोठी दुर्बीण बांधा, व्हेलाची धग तिच्यापर्यंत पोचायची नाही. हे बघायचं तर वातावरणाच्या बाहेरच जावं लागतं.

माणूस गेला तो रॉकेटवर बसवलेली यंत्रं पाठवून. १८ जून १९६२ रोजी रिकार्डो जियाकोनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधून एक छोटं रॉकेट उडवलं. वातावरणाच्या वर त्याला जेमतेम सहा मिनिटं मिळाली. शोधायला गेले होते चंद्राकडून येणारे क्ष-किरण, ते काही मिळाले नाहीत. त्याऐवजी वृश्चिक राशीच्या दिशेने क्ष-किरणांचा एक झगमगता उगम सापडला. सूर्यमालेबाहेरून आलेले ते पहिले क्ष-किरण. जियाकोनीला त्या कामासाठी २००२ साली नोबेल मिळालं. पुढच्या दहा वर्षांत अशाच रॉकेटांनी व्हेला आणि हंस तारकासमूहातला एक जुना अवशेष क्ष-किरणांत टिपले. ती चित्रं म्हणायची म्हणून चित्रं, नुसते ठिपके आणि आलेख.

चित्र काढायचं तर आरसा हवा, आणि इथे मोठी अडचण. साध्या आरशावर क्ष-किरण समोरून पाडले तर ते परततच नाहीत, काचेत शिरून नाहीसे होतात. पण पोरांनो, नदीवर गेलो की तुम्ही चपटा दगड शोधता ना? उभा टाकला तर डुबुक करून तळाशी, पण पाण्याला जवळजवळ घासून तिरका भिरकावला तर टप्पे घेत पलीकडे. क्ष-किरणांचंही तसंच. गुळगुळीत पृष्ठभागाला अगदी घासून आले तर ते परावर्तित होतात. म्हणून क्ष-किरणांच्या दुर्बिणीचा आरसा ताटासारखा नसतो, नळीसारखा असतो. किरण नळीच्या आतल्या भिंतीला घासत, वळत एका बिंदूत येतात. ही रचना हान्स वोल्टर या जर्मन शास्त्रज्ञाने १९५२ साली मांडली. त्याला बिचाऱ्याला सूक्ष्मदर्शक करायचा होता, तो काही जमला नाही, आणि त्याच्या नळ्या आकाशात गेल्या. एका नळीत किरण थोडे मावतात, म्हणून एकात एक अशा अनेक नळ्या बसवतात.

अशा चार नळ्यांची जोडणी घेऊन १ जून १९९० रोजी रोसॅट हा उपग्रह उडाला. क्ष-किरण शोधणाऱ्या रंटगेनचं नाव त्याला दिलेलं. पृथ्वीभोवती फिरता फिरता त्याने आकाशाची एकेक पट्टी वाचली आणि सहा महिन्यांत सगळं आकाश पुरं केलं. जाता जाता चंद्राचाही क्ष-किरणांतला फोटो काढला, जियाकोनीला हुलकावणी दिलेल्या त्याच चंद्राचा. जुन्या अवशेषांचं खरं दर्शन इथून सुरू झालं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुस्तकांत ती चटकन सांगून पुढे जातात. क्रॅब तेजोमेघ सगळ्यांना ठाऊक, १०५४ साली चिनी ज्योतिषांनी त्याचा स्फोट नोंदवला. कॅसिओपिया ए त्याहून तरुण, जेमतेम साडेतीनशे वर्षांचा. हे कडक क्ष-किरण फेकतात, ते हजारो प्रकाशवर्षं पार करून येतात. म्हाताऱ्यांचं तसं नाही. त्यांचा वायू निवत आलेला, किरण मऊ, आणि वाटेतला हायड्रोजन आणि इतर वायू मऊ किरणांना आधी गिळतो. दीर्घिकेत जुने अवशेष ढिगाने असतील, पण त्यांची ऊब वाटेतच जिरते. जे शेजारी आहेत त्यांचीच आपल्यापर्यंत पोचते. व्हेला जवळ नसता, तर त्याच्याबद्दल सांगायला मला काहीच मिळालं नसतं. मला व्यक्तिशः तरुण अवशेषांपेक्षा हे म्हातारे आवडतात. वयाचा परिणाम म्हणा हवं तर. पण तरुण अवशेष स्फोटाबद्दल बोलतात, आणि म्हातारे स्फोटाबद्दलही बोलतात आणि वाटेत काय काय भेटलं त्याबद्दलही.

रोसॅटच्या चित्रात व्हेलाच्या गोळ्याबाहेर काही वेगळंच दिसलं. कडेच्याही पुढे निघून गेलेले सहा तुकडे, प्रत्येकाला मागे शेपटीसारखा पट्टा, आणि त्या शेपट्या मागे वाढवल्या तर सगळ्या गोळ्याच्या मध्याकडे जातात. म्युनिकजवळच्या गार्चिंगमधल्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या बर्न्ड आशेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ते जाहीर केले, आणि ए ते एफ अशी नावं दिली. हे फुटलेल्या ताऱ्याचेच गोळे. लाट मंदावली, पण हे घट्ट होते म्हणून तिला मागे टाकून पुढे गेले. पुढच्या दुर्बिणींनी त्यांचा पदार्थ तपासला, तर ए तुकड्यात सिलिकॉन भरपूर निघालं. सिलिकॉन ताऱ्याच्या अगदी खोल थरात, गाभ्याच्या लगत बनतं. डी तुकड्यात मात्र ऑक्सिजन, निऑन, मॅग्नेशियम, म्हणजे वरच्या थरांतला माल. मग खोल पोटातला तुकडा एवढ्या लांब कसा पोचला? २०१७ साली ए च्या बरोबर विरुद्ध दिशेला आणखी एक सिलिकॉनचा तुकडा ओळखला गेला, त्याला जी म्हणतात. दोन विरुद्ध दिशांना पोटातला माल उसळलेला! म्हणजे तारा गोल फुग्यासारखा सारखा फुटलेला नव्हता. अकरा हजार वर्षांनंतरही हे वाचता येतं, आणि ज्याला ते वाचता येतं त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

या आशेनबाखनेच पुढे जे केलं ते मला त्याहून आवडतं. रोसॅटने आकाश १९९१च्या सुरुवातीलाच वाचून संपवलं होतं. माहिती सगळ्यांसमोर पडून होती, व्हेलाचं चित्र किती जणांनी बघितलं असेल! १९९८ साली आशेनबाखने त्याच जुन्या माहितीतून मऊ किरण बाजूला काढले आणि तेराशे इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या वरचे कडक किरण तेवढे ठेवले. व्हेलाचा सगळा उजेड मऊ, तो नाहीसा झाला. आणि चित्राच्या आग्नेय कोपऱ्यात एक नीटस गोल कडं उरलं. दोन अंशांचं, म्हणजे चार चंद्रांएवढं. व्हेलाच्या झगमगाटाखाली दुसराच एक अवशेष इतकी वर्षं दडून बसला होता. त्याला आता व्हेला ज्युनिअर म्हणतात.

त्याच्या वयावरून मग चांगलीच मजा झाली. एका किरणोत्सारी टायटॅनियमच्या खुणेवरून पहिला हिशेब झाला, तो निघाला अवघा ६८० वर्षांचा आणि साडेसहाशे प्रकाशवर्षांवर. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर पंचवीसेक वर्षांत आकाशात एवढा मोठा स्फोट व्हायला हवा होता, आणि जगात त्याची ठळक नोंद कुठेच नाही. हे कोडं लोकांना झोपू देईना. पुढे चंद्रा नावाच्या क्ष-किरण दुर्बिणीने काही वर्षांच्या अंतराने त्याच्या कडेची चित्रं घेतली आणि ती कडा किती सरकली हे मोजलं. सरकणं अगदी थोडं निघालं. त्यावरून वय आलं २४०० ते ५१०० वर्षं, आणि अंतरही पहिल्यापेक्षा बरंच जास्त. ज्युनिअर वाटला तितका लहान नव्हता. घाईने वय काढलं की असं होतं.

आता हंस तारकासमूहाकडे या. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो. विल्यम हर्शेलने ५ सप्टेंबर १७८४ रोजी तिथे धुरकट झिरझिरीत पट्टे बघितले. चांगल्या दुर्बिणीतून, गावाबाहेरच्या काळोख्या रात्री ते आजही दिसतात. पण ते म्हणजे फक्त काठ. लाट जिथे दाट वायूवर आदळून मंदावली आणि निवली, तिथेच साधा प्रकाश निघतो. क्ष-किरणांत बघितलं की ते पट्टे एका ३ अंशांच्या पूर्ण कड्याचे तुकडे आहेत हे कळतं. हा हंस अवशेष, सुमारे २४०० प्रकाशवर्षांवर, वय दहा ते वीस हजार वर्षांच्या दरम्यान. आधी त्या ताऱ्याने जिवंतपणी आपल्या वाऱ्याने भोवतालचा वायू हटवून एक पोकळी केली होती. स्फोटाची लाट त्या पोकळीतून बिनबोभाट धावली आणि तिच्या भिंतीवर जाऊन थडकली, म्हणून कडा एवढी उजळलेली. सुझाकू या जपानी उपग्रहाने मध्यभाग तपासला तेव्हा तिथे सिलिकॉन, गंधक आणि लोखंड अधिक मिळालं. काठावर वाटेत झाडून घेतलेला वायू, मध्ये ताऱ्याचं स्वतःचं पोट.

हे काळाचं मोजमाप करतात कसं, ते मुक्ताला नीट समजावून सांगावं लागलं, म्हणून इथेही सांगतो. ऑक्सिजनच्या अणूत ८ इलेक्ट्रॉन. लाट वरून गेली, वायू तापला, तरी ते आठ एकदम उडून जात नाहीत. एकेक टक्कर, एकेक इलेक्ट्रॉन. पहिले सहा लवकर सुटतात, शेवटचे दोन फार घट्ट. सहा गेलेला ऑक्सिजन वर्णपटात ५७० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आपली रेघ उमटवतो, सात गेलेला ६५०च्या आसपास. वायूच्या तापमानाच्या मानाने अणू जेवढे सोलले जायला हवेत तेवढे सोललेले नसले, तर समजावं की लाट इथून अलीकडेच गेली. घन सेंटिमीटरला एक इलेक्ट्रॉन एवढ्या विरळ वायूत हा हिशेब पुरता व्हायला तीसेक हजार वर्षं लागतात. म्हणजे व्हेला, हंस हे सगळे अजून अर्ध्या वाटेवर. लाट कुठून कधी गेली, हे दोन रेघांची उंची ताडून सांगता येतं. मुक्ताने एक पेन्सिल घेऊन ८ गोल काढले आणि एकेक खोडत बसली, तेव्हा मला वाटलं की हे तिला कायमचं समजलं.

आणखीही म्हातारे आहेत. मिथुन आणि शृंगाश्व यांच्या भागात मोनोजेम नावाचं कडं, २५ अंश रुंद, वय लाख वर्षांच्या घरात, इतकं मंद की रोसॅटच्या आधी त्याचं खरं स्वरूपच स्पष्ट नव्हतं. आणि आपण स्वतःच एका जुन्या प्रकरणाच्या पोटात बसलोय. सूर्याभोवती हजारेक प्रकाशवर्षं रुंदीची एक विरळ पोकळी आहे, गेल्या १ कोटी ४० लाख वर्षांत पंधराएक स्फोटांनी ती फुगवली, असं २०२२ सालचा एक अभ्यास सांगतो. तिच्या गरम वायूचे मऊ क्ष-किरण चारी दिशांनी येतात. ते सगळे तिचेच की काही सूर्याच्या वाऱ्याने तयार केलेले, यावर खूप भांडणं झाली. एका रॉकेटच्या निरीक्षणावरून २०१४ साली निकाल लागला: सुमारे ४० टक्के सूर्याचे, बाकी पोकळीचे. ही पोकळी विरळ आहे म्हणूनच शेजारच्या म्हाताऱ्यांचे मऊ किरण वाटेत फारसे जिरत नाहीत. त्या जुन्या स्फोटांची राख पॅसिफिकच्या तळाच्या खडकातही सापडलीय, लोह-६० नावाचं किरणोत्सारी लोखंड, वीस-तीस लाख वर्षांपूर्वी तिथे पडलेलं.

माणसाने यांतला एखादा स्फोट बघून कोरून ठेवला असेल का? श्रीनगरजवळ बुर्झाहोम इथे नवाश्मयुगातल्या वस्तीत एक दगड मिळालाय. त्यावर दोन शिकारी आहेत, एकाच्या हाती धनुष्य, दुसऱ्याच्या भाला. एक हरीण, एक कुत्रा, आणि वर एकाऐवजी दोन तेजस्वी गोळे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी असा अंदाज मांडला, की वरचा एक गोळा म्हणजे सारथी तारकासमूहातल्या एचबी ९ या अवशेषाचा स्फोट असावा, आणि शिकारी-हरीण म्हणजे त्या भागातले तारे. एचबी ९ खराखुरा जुना अवशेष आहे, रोसॅटने त्याच्या पोटातली क्ष-किरणांची धग बघितलीय. अंदाज धाडसाचा आहे आणि सिद्ध झालेला नाही. मला तो पटावासा वाटतो, पण पटावासा वाटणं आणि पटणं यात फरक आहे.

त्याच टाटा संस्थेने, कुलाब्याला, आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची मऊ क्ष-किरणांची दुर्बीण घडवली. सोन्याचा मुलामा दिलेल्या चाळीस नळ्या एकात एक. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ती श्रीहरिकोट्याहून उडाली. रोसॅट मात्र २३ ऑक्टोबर २०११ रोजी वातावरणात शिरून बंगालच्या उपसागरावर संपला, अडीच टनांचा तो उपग्रह आपल्याच दारात येऊन पडला म्हणायचा. त्याची गादी इरोझिटाने चालवली, सात दुर्बिणी आणि प्रत्येकीत ५४ नळ्या. २०१९ साली उडालेल्या या यंत्राने होयंगा नावाचा एक नवाच जुना अवशेष शोधला, साडेचार अंशांच्या आसपास रुंद, आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, जिथे असे अवशेष सहसा कुणी शोधत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे त्याचं निरीक्षण थांबवावं लागलं. त्यात ताऱ्यांचा काय दोष?

एक काम तुम्हाला सांगतो, पोरांनो, आणि मोठ्यांनाही. इरोझिटाच्या पहिल्या सहा महिन्यांची अर्ध्या आकाशाची माहिती ३१ जानेवारी २०२४ रोजी जगासाठी खुली झाली. ९ लाखांहून अधिक उगम त्यात आहेत आणि व्हेला त्याच अर्ध्यात आहे. रोसॅटचं सगळं आकाश नासाच्या स्कायव्ह्यू या संकेतस्थळावर फुकट मिळतं, मऊ किरणांचं वेगळं आणि कडक किरणांचं वेगळं. आशेनबाखलाही नवा उपग्रह मिळाला नव्हता, त्याने सात वर्षं जुनं चित्र पुन्हा उघडलं होतं. या सुट्टीत व्हेलाची दोन्ही चित्रं मागवा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा.